आमच्या कडीखालची जागा

सोमवार, ४ मार्च

सूनबाई,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचा असतो, ठाऊक आहे मला. पण दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही, तेव्हा आशीर्वादाला जरा थांबू दे.

लिहायचं कारण एवढंच, की आपल्या चर्चच्या हॉलला सरकारी पाटी लागली. ‘ऐतिहासिक वास्तू.’ दोन तरुण पोरं मोजपट्टी घेऊन आली, चिखलाच्या बुटांनी सगळीकडे फिरली आणि भिंतीतल्या कड्यांचे फोटो काढत बसली. मला म्हणाली, “आजी, या कड्या कशासाठी?” म्हटलं, “घोडे बांधायला.” तर हसायला लागली. त्यांना वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय.

मग सगळं सांगावं लागलं. की हा हॉल म्हणजे मुळात चर्चचा तबेला. लांबलांबच्या वस्त्यांवरून लोक प्रार्थनेला घोडागाडीनं यायचे आणि प्रत्येक घराच्या घोड्याची कडी ठरलेली असायची. मोटारी आल्या, घोडे गेले, तेव्हाच्या फादरांनी मधल्या फळ्या काढून, फरशी घालून तबेल्याचा हॉल केला. आणि पहिल्याच रविवारी माणसं चहाला आत शिरली ती सरळ आपापल्या घोड्याच्या जागेवर जाऊन बसली. कोणी सांगितलं नव्हतं. अजून तिथेच बसतात. पोरगी लग्न झालं की माहेरच्या कडीखालून उठून नवऱ्याच्या कडीखाली जाते, आणि माणूस गेलं की त्याची जागा वर्षभर मोकळी ठेवतात. तुला हे सांगायला नको, तू आमच्या कडीखाली बसलेली आहेस. पण त्या पोरांना सांगता सांगता माझ्याच मनात आलं, की घोड्यांच्या जागेवर बसून बसून आपल्याला लाथा मारायची सवयसुद्धा लागली.

“तुमची कडी कुठली?” त्यांनी विचारलं. दाखवली, खिडकीजवळची. तिचाही फोटो काढला. खाली रिकामा बाक आलाय. हे आता हॉलमध्ये येत नाहीत आणि मी काय, किटली घेऊन उभीच असते.

आणखी एक. दूधवाली सांगत होती, तू लग्न करतेयस. त्या जनावरांच्या डॉक्टरशी. तिची गाय तुमच्या शहरातल्या दवाखान्यात नेली होती, तिथे तो भेटला म्हणे. आता मला हे दूधवालीकडून कळावं का? बाई दुधात पाणी घालते, बातमीत काय काय घालत असेल. तेव्हा खरं काय ते तूच लिही.

भिंगरी कशी आहे? तिला तिचा बाप आठवतो का? एवढं एक लिही. बाकीचं नाही लिहिलंस तरी चालेल.

आई


शुक्रवार, २२ मार्च

सूनबाई,

पत्र मिळालं. फोटोही मिळाला. यांना दाखवला नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, तिकडे हे जन्मात फिरकत नाहीत.

बागेतला दिसतोय. भिंगरी डॉक्टरच्या खांद्यावर बसलीय, दोन्ही मुठींत त्याचे केस धरून. त्याचे केस कमी झालेत, ते तिच्यामुळेच असणार. आणि तू बाजूला उभी, हसतेयस. चांगली दिसतेस. दोन वेळा जेवतेस असं वाटतं.

पण तू लिहितेस, ‘आई, तिला तो आठवत नाही. मी खोटं कशाला लिहू?’ का गं? खोटं लिहायला काय झालं होतं तुला? मेलं जन्मभर सगळ्यांशी खरं बोलून कोणाचं भलं झालंय? सासूला एवढं एक खोटं लिहिलं असतंस तर तुझी बोटं झडली नसती.

दीड वर्षाची होती गं ती, तो गेला तेव्हा. दिवसभर त्याच्या कारखान्यात असायची. भुशाच्या खोक्यात झोपायची, उठली की केसांत, कानांत, भुसा. तू चिडायचीस. तो म्हणायचा, “सुताराची लेक आहे, भुसा झटकू नको, वाढतेय ती.” यांचा जीव कासावीस व्हायचा, करवत आहे, पटाशी आहे म्हणून. काही झालं नाही तिला. झालं ते त्याला, आणि तेसुद्धा रस्त्यावर, मोटारसायकलवर, हातात हत्यार नसताना. आणि ते एवढं सगळं तिला आठवत नाही. कसं आठवत नाही?

लोक मला अजून विचारतात, त्या रविवारी तू त्या डॉक्टरला उठवलं का नाहीस. आपला तो जाऊन सहा महिने झालेले. बाकाच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला हे, मधली जागा मोकळी. आणि हा नुकताच बदलून आलेला माणूस टोपी हातात घेऊन आत आला, त्याला रिकामी जागा दिसली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बसला. हॉल असा गप्प झाला की बेकरीवालीचा बिस्किट चावल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, आपल्या बुटाला काही लागलंय. त्यानं बूट उलटा करून बघितला. तर खरंच शेण लागलं होतं. आणि तू हसलीस.

मी त्याला उठवायलाच निघाले होते, खरं सांगते. किटली हातात तशीच. तुझं हसू ऐकलं आणि मी तिथेच थांबले. सहा महिने तू घरात सावलीसारखी फिरत होतीस, मी म्हणत होते, ही पोरगीही आता गेल्याशिवाय राहत नाही. मग मी त्याचा कप भरला आणि माझ्या हातानं त्याच्या हातात दिला. वर म्हटलं, “तबेल्यात जनावरांचा डॉक्टर आला तर बिघडलं कुठे?” लोक हसले, वेळ निभावली. हे नाही हसले.

पुढचं उगाळत नाही. डॉक्टरची शहराला बदली झाली, तूही जायचं म्हणालीस, तेव्हा हे जे बोलले ते चारचौघांत बोलले, “जायचं तर जा, नात ठेवून जा.” बोलून गेले आणि ते शब्द गिळायला त्यांना तोंड राहिलं नाही. आणि तू दुसऱ्या पहाटेच पोरीला घेऊन गेलीस.

त्या पहाटे मी जागी होते. तू दाराच्या बिजागऱ्यांना तेल लावलं होतंस ना? मला वास आला होता. मी उठून बसले असते तर तू थांबली असतीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. यांना हे माहीत नाही. तुलाही सांगणार नव्हते.

जास्त लिहीत नाही. माझं डोकं ठिकाणावर नाही.

आई (अजून तरी)


गुरुवार, २८ मार्च

सूनबाई,

मागचं पत्र रागात टाकलं. पेटीत टाकल्यावर हात घालून बघितला, निघत नव्हतं.

आता शांतपणे लिहिते, तूही शांतपणे वाच.

लग्न इथे कर. चर्चमध्ये लग्न आणि हॉलमध्ये चहापाणी. तू लिहिलंस, तिकडे कचेरीत जाऊन सह्या करून उरकणार. का म्हणून? चोरी केलीस का? तुला आई नाही, वाढवली त्या मावशीही गेल्या. मग तुझं माहेर कुठलं उरलं, सांग बघू? आमच्याच कडीखालून उठशील. सासूनं सुनेची पाठवणी केलेली आजवर कोणी पाहिली नसेल तर पाहू देत, डोळे आहेत ना त्यांना.

फादरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, “बाई, विचार करा. तुम्हाला जड जाईल.” म्हटलं, “फादर, जड काय असतं ते मला नका सांगू, तुम्ही तारीख सांगा.” त्यांनी मे महिन्यातला दुसरा शनिवार दिलाय.

पण माझी एक अट आहे. एकच.

भिंगरीनं त्याला बाबा म्हणायचं नाही. काका म्हणू दे, डॉक्टर म्हणू दे, काय वाटेल ते म्हणू दे. बाबा म्हणायचं ते आपल्या त्याला. त्याचं दुसरं राहिलंय काय गं? हत्यारं यांनी कुलपात टाकली. कपडे मी वाटून टाकले, ते आता गावात दुसऱ्यांच्या अंगावर चालताना दिसतात. तिला चालायला त्यानं शिकवलं. बाबा म्हणायलाही त्यानंच शिकवलं. ‘आई’च्या आधी ती ‘बाबा’ म्हणाली तेव्हा तू दिवसभर रुसून बसली होतीस, आठवतं? तो गावभर सांगत सुटला होता. दाराबाहेर कुत्रं भेटलं तरी त्याला सांगत होता.

तेव्हा एवढं कर. त्याचा फोटो तिच्या डोळ्यांसमोर लाव. रोज विचार तिला, हे कोण? बाबा. पोर शिकेल, हुशार आहे.

कबूल असेल तर लिही. आणि डॉक्टरचं त्याच्या हातचं येऊ दे. तुझ्या हो म्हणण्यावर मी जाणार नाही, तू माझ्या भिडेला पडशील.

आई


बुधवार, १७ एप्रिल

सूनबाई,

त्याची चिठ्ठी मिळाली. अक्षर म्हणजे गुरांच्या औषधाच्या चिठ्ठीला शोभेल असं, पण लावलं. ‘आई, कबूल आहे. मी तिला नीट समजावतो.’ मला आई म्हणायची परवानगी याला कोणी दिली? असो. खोडलं नाही मी.

इकडचं ऐक. घोडं पेंड खात होतं ते भलत्याच ठिकाणी. हॉलच्या मंडळींची बैठक झाली. तुला आमच्या कडीखालून उठवायचं हे सगळ्यांनी मानलं, नाक मुरडत का होईना. पण न्यायचं कुठल्या कडीखाली? डॉक्टर पडला बाहेरचा, त्याच्या घरचा घोडा इथे कधी बांधलाच नव्हता. बेकरीवाला म्हणाला, “मग नवरीला मधेच उभी ठेवायची का?” अर्धा तास त्याच्यावर वाद. शेवटी मी किटली आपटली. म्हटलं, दाराजवळची कडी ज्या घराची, त्या घरातलं आता कोणी उरलं नाही, ती त्याला द्या. वारा लागतो तिथे, पण जनावरांच्या डॉक्टरला गोठ्यातल्या वाऱ्याची सवय असेल. दिली एकदाची.

यांना सांगितलं. मला वाटलं होतं, भांडी आपटतील. नाही आपटली. म्हणाले, “तू जा. मला अंगणात काम आहे.” अंगणात कसलं आलंय काम? दोन वर्षांत गवताची काडी उपटली नाही तिथली. तू त्यांच्याकडून काही धरून बसू नको. ते येणार नाहीत.

भिंगरीला फ्रॉक शिवायला टाकला, निळा. मापाला तिचा ट्रंकेतला जुना फ्रॉक नेला आणि म्हटलं, थोडा वाढवून शीव. शिंपीण माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “आजी, नात पाच वर्षांची झाली ना? हा बाहुलीला होईल.” मी आपली तिला तेवढीच धरून बसले होते. तिचं माप दोऱ्यानं घेऊन तो दोरा पाकिटातून पाठव. पायाचंही पाठव.

अटीचं चाललंय ना? फोटो लावलास का?

आई


मंगळवार, १४ मे

सूनबाई,

आता तुला सूनबाई म्हणावं की नाही, कळत नाही. जिभेला दुसरं काही येत नाही, तेव्हा तेच राहू दे.

तुम्ही सुखरूप पोचलात हे कळलं. बसमध्ये चढताना तू विचारलंस, “आई, मी आत कपडे बदलत होते तेव्हा काय झालं? सगळे असे गप्प का झाले?” मी म्हटलं, काही नाही, पोरगी पडली एवढंच. ते खोटं. बेकरीवाली तुला पत्र लिहिणारच, तिखटमीठ लावून लिहील. त्याआधी मीच सांगते.

तुला आमच्या कडीखालून हात धरून मी दारापर्यंत नेलं, तोवर मी बरी होते. तूही पाहिलंस. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तू मागच्या खोलीत गेलीस, मी किटलीकडे गेले. डॉक्टर दाराजवळ नव्या कडीखाली बसला होता, चेहरा असा की त्याचंच ऑपरेशन आहे. भिंगरी बाकीच्या पोरांबरोबर स्टेजवर उड्या मारत होती. ते स्टेज आपल्या त्यानं केलेलं. मी ठरवलं होतं, चहा आटोपला की तिचा हात धरून नेईन आणि सांगेन, हे तुझ्या बाबांनी केलंय, ही प्रत्येक फळी त्यांच्या हातची आहे. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची ते.

तेवढ्यात ती मागच्या पायऱ्यांवरून घसरली. पाय दोन फळ्यांमध्ये गेला आणि अडकला. किंचाळली गं ती. आणि मग ओरडली, “बाबा! बाबा, पाय!”

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पोर तिकडे ओरडतेय आणि हे सगळे माझ्याकडे बघतायत.

डॉक्टर उठला होता. धावतच निघाला होता, आणि मधेच थांबला. त्यानंही माझ्याकडे पाहिलं. शब्द दिला होता ना मला. हात पुढे झालेले आणि तसेच राहिलेले, तोंड पांढरंफटक. हा माणूस रानातल्या जनावराला भीत नसेल, पण त्या घटकेला मला भ्यायला होता. ती हात पसरून रडतेय आणि हा हलत नाही. तिला कळेना की हा येत का नाही.

मग ती रडायची थांबली. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि हळूच म्हणाली, “काका.”

सूनबाई, मी माझ्या लेकाला मातीत ठेवलंय. त्यापेक्षा मोठं दुःख मला कोणी देऊ शकणार नाही असं मी समजत होते. पण पायातून रक्त येतंय आणि पाच वर्षांची पोर शिकवलेलं आठवून हाक बदलतेय, का, तर आजीला चालत नाही म्हणून. हे मी केलं होतं. दुसऱ्या कोणी नाही.

हातातली किटली कुठे ठेवली मला आठवत नाही. मी ओरडले, “अरे, उभा काय राहिलास मेल्या! हाक मारतेय ना पोरगी तुला! जा की!” तो धावला. फळी त्यानं नुसत्या हातांनी उचकटली. भिंगरीनं त्याच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि मग कुठे मोठ्यानं रडायला लागली. मी जवळ गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, “बाबाच म्हण गं बाळा. बाबाच आहेत ते.” तिनं एक डोळा बाहेर काढून विचारलं, “आजी रागावणार नाही?” म्हटलं, “नाही रागावणार.”

हे झालं ते असं.

आता यांचं. हे आले होते. अंगणात काम असलेला माणूस हॉलच्या भिंतीमागे उभा होता, खिडकीखाली. मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी आले तर एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. म्हटलं, “चप्पल कुठे टाकलीत?” म्हणाले, “पोरगी बाबा म्हणून ओरडली ना, तेव्हा मी धावलो. दारापर्यंत आलो होतो. मला वाटलं, मलाच.”

आपला तो यांना बाबाच म्हणायचा. चार वर्षं होत आली, यांना त्या हाकेनं कोणी बोलावलं नाही. मला ते कधी सुचलंच नाही बघ. ते खुर्चीवर बसले आणि रडले. तो गेला तेव्हा नव्हते रडले. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. चूल पेटली नाही त्या दिवशी.

तर माझी अट मी मागे घेते. डॉक्टरलाही सांग, तो शब्दातून मोकळा आहे. भिंतीवरचा फोटो काढ आणि नीट गुंडाळून ठेव. मोठी झाल्यावर तिनं आपणहून विचारलं तर दाखव, नाही विचारलं तर नको. रोज तिची परीक्षा घेऊ नको. तिला तो आठवत नाही, तर नाही आठवत. पोर आहे ती, तिनं काय काय सांभाळायचं? आठवायला मी आहे, हे आहेत. आम्ही आहोत तोवर त्याला पुरेल तेवढं आहे आमच्याकडे.

काल हे कारखाना उघडून बसले होते. त्या पायरीची फळी नवी करायला घेतलीय. मी आत डोकावले नाही, रंधा चाललेला ऐकू येत होता.

पायाची जखम कोरडी ठेव. खपली धरली की खाजवेल ती, तिची नखं काप. आणि शाळेला सुट्टी लागली की तिला इकडे धाड थोडे दिवस. एवढ्या लांबच्या बसमध्ये एकटीला नको. तिच्या बाबांना म्हणावं, घेऊन या.

आई